कवळीमामाचा निवडुंग

माझ्या मामाशी पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला फार बरं वाटतं, कारण मामा अगदी टक लावून ऐकतो. थोड्या वेळाने त्या माणसाच्या लक्षात येतं की हा आपल्या डोळ्यांकडे बघतच नाहीये, दातांकडे बघतोय. माझ्या नवऱ्याला मी पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तो गेल्यावर प्रत्येकाने आपापलं मत दिलं. स्वभाव, नोकरी, उंची, सगळं झालं. मामा म्हणाला, मुलगा उत्तम आहे, फक्त वरचा डावा सुळा जरा फिरलेला आहे. तेव्हापासून आईची नजर जावयाच्या सुळ्यावर जाऊ नये म्हणून ती खाली बघून बोलते, आणि माझा नवरा सगळ्यांना सांगतो की सासूबाई फार भिडस्त आहेत.

मामा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेऊन पाठवतात, मामा त्यावरून प्लॅस्टरचा साचा ओततो, मेणात एकेक दात बसवतो, घासतो, पुन्हा काढतो, पुन्हा बसवतो. हे सगळं स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत चालतं. तिथल्या फळीवर जबडे ओळीने मांडलेले असतात. मामी म्हणते, या घरात धड भांडताही येत नाही, आवाज चढवला की बघावं तिकडे कोणीतरी दात विचकून बसलेलं. शर्टाच्या खिशात मामाची एक पट्टी असते, तिला नमुन्याचे दात लावलेले, एकदम पांढऱ्यापासून चहात बुडवल्यासारख्या पिवळ्यापर्यंत. पेशंटच्या उरलेल्या दातांशी रंग जुळवायला ती पट्टी असते. मामाने ती भिंतींना रंग देताना रंगाऱ्यासमोरही धरली होती. रंगारी दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

त्याचा सगळा तोरा एकाच गोष्टीचा होता: आपण बनवलेली कवळी खोटी आहे हे कोणी ओळखून दाखवावं. आणि त्याचा पुरावा म्हणजे माझी आजी. मामाने शिकून झाल्यावर पहिली कवळी बनवली ती स्वतःच्या आईची. आजीने ती शेवटपर्यंत वापरली, कधी ब्र काढला नाही. आजी गेल्यावर मामाने तिच्या वस्तूंपैकी फक्त ती कवळी मागून घेतली आणि काचेच्या पेटीत ठेवून खोलीत दर्शनी भागात मांडली. नवीन डॉक्टर आला की मामा पेटीवरची धूळ फुंकतो आणि सांगतो, बघा, एकदाही तक्रार नाही.

आईने, म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीने, आजीच्या खिडकीतला लोंबता निवडुंग घेतला. त्याला काटे नव्हते. बोटाच्या पेरासारखी चपटी हिरवी पेरं एकाला एक जोडत खाली उतरायची, अशा पुष्कळ माळा कुंडीच्या चारी बाजूंनी लोंबत असायच्या. वर्षभर ते झाड कोपऱ्यात गप्प असायचं आणि थंडी मध्यावर आली की प्रत्येक माळेच्या टोकाला गडद गुलाबी फूल यायचं, मान खाली घातलेलं. आई त्याला ‘आईचं झाड’ म्हणायची. फुलं आली की ती खुर्ची तिथे ओढून बसायची आणि त्या काळात घरातलं कोणी तिला कामं सांगत नसे.

मामाचं घर दोन गल्ल्या सोडून, पण तो आमच्याकडे येत नसे. भांडण वगैरे काही नाही. कामाशिवाय कोणाकडे जायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. दारात मामा दिसला की आई विचारायची, ‘शिडी हवी का?’ आणि त्याला शिडीच हवी असायची. शिडी घेऊन तो जायचा. आई थोडा वेळ दारातच उभी राहायची. वडील गेल्यानंतर आणि माझं लग्न झाल्यानंतर तर तिला त्या शिडीचाच काय तो आधार होता.

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि बरं होईपर्यंत ती माझ्याकडे राहायला आली. निघताना तिने घराची किल्ली मामाला दिली आणि बजावलं, छोट्या, माती पूर्ण सुकल्याशिवाय झाडाला पाणी घालायचं नाही. मामाची पन्नाशी उलटली आहे, पण आईसाठी तो छोट्याच.

आता मामाचा सगळा जन्म प्लॅस्टरमध्ये गेला. प्लॅस्टर सुकलं की काम फसलं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. झाडाची जबाबदारी त्याने इतकी मनावर घेतली की रोज जायचा आणि रोज पाणी घालायचा. कुंडीखाली ताटली ठेवून तीही भरायचा, रात्री झाडाला तहान लागली तर असावं म्हणून. पेरं लालसर झाली, मग मऊ पडली, मग गळायला लागली. मामाला वाटलं, उन्हाने होतंय, त्याने पाणी वाढवलं. शेवटी एकदा मामी बरोबर गेली आणि कुंडी बघून म्हणाली, ‘अहो, हे मेलंय.’

मामाच्या पायाखालची जमीन सरकली. ताईला काय सांगायचं? आईच्या हातचं एवढं एकच जिवंत काहीतरी उरलेलं, आणि तेही आपण बुडवून मारलं. फोन करून खरं सांगावं, असं मामीने सुचवलं. मामा म्हणाला, दात गेला तर माणूस बोंब मारत हिंडत नाही, दुसरा बसवतो.

दुसरा बसवायची त्याची पद्धत पक्की होती. कुंडीतून त्याने त्यातल्या त्यात हिरवं राहिलेलं एक पेर उचललं आणि घरी येऊन मेणात रंग कालवून चार-पाच हिरव्या छटांची नवीन पट्टी बनवली. ती घेऊन तो नर्सरीत गेला आणि लोंबत्या निवडुंगांच्या ओळीसमोर उभा राहून प्रत्येक कुंडीला पट्टी लावून बघायला लागला. दोन पावलं मागे जायचा, एक डोळा मिटायचा, पुन्हा पुढे यायचा. नर्सरीवाला बराच वेळ बघत होता. मग जवळ येऊन म्हणाला की तुम्ही हात लावलाय तो खेकडा निवडुंग आहे, तुमच्या हातातलं पेर दुसऱ्या जातीचं दिसतंय. खेकड्याचं फूल आडवं येतं आणि आतली परागाची पूड पिवळी असते, तुमच्या जातीचं फूल सरळ खाली लोंबतं आणि पूड जांभळट असते. नर्सरीवाल्याचे पुढचे दोन दात नव्हते. ज्याला स्वतःचे दोन दात बसवून घेता आले नाहीत तो काय जुळवाजुळव शिकवणार, असं म्हणून मामाने तिकडे दुर्लक्ष केलं. रंग जुळला होता, लांबी जुळली होती, दाटपणा जुळला होता. मामा झाड घेऊन आला.

आईच्या बाल्कनीत जुन्याच कुंडीत झाड लावून टांगून झालं आणि कलत्या उन्हात मामाला ते दिसलं. जुन्या पेराच्या कडा नागमोडी होत्या, गोल, हात फिरवला तर कुठे काही लागत नसे. नव्या झाडाच्या प्रत्येक पेराला दोन्ही बाजूंनी टोकदार दात होते, आणि शेवटचे दोन तर खेकड्याच्या नांग्यांसारखे पुढे आलेले. ज्याने येणाऱ्याजाणाऱ्याचे, जावयाचे, बस कंडक्टरचे, फोटोतल्या परक्या माणसांचे दात बघितले, त्याला झाडाचे दात तेवढे दिसले नव्हते.

दुसरा कोणी असता तर झाड बदलून आणलं असतं. पण मामाकडे पेशंट परत येतो तो एकच तक्रार घेऊन, की दात टोचतोय, आणि मामाचं त्यावर एकच उत्तर असतं. त्याने घरून बारीक कात्री आणली, खुर्ची ओढली, चष्म्यावर भिंग चढवलं आणि त्या निवडुंगाचे सगळे दात एकेक करून गोल कापले. कापलेल्या कडा मामाने बारीक पॉलिशपेपरने घासल्या. मामी डबा घेऊन आली तेव्हा हिरव्या चुऱ्यात बसलेला नवरा तिला म्हणाला, ‘आता ओळखून दाखव.’ मामीने डबा ठेवला आणि परत गेली.

आई काठी टेकत घरी आली ती आधी बाल्कनीत. तिने एक माळ हातात घेतली, कुरवाळली. मामा मागेच उभा होता. कडा जरा राठ झाल्यात, ती म्हणाली. त्याचंही वय झालं, ताई, मामा म्हणाला. स्वतःच्या गुडघ्याकडे बघून आईला ते एकदम पटलं. मामाचा जीव भांड्यात पडला आणि त्याच आनंदात तो शिडी न घेता घरी गेला.

पण झाड जिवंत होतं. त्याला नवीन पेरं फुटली आणि प्रत्येक पेर आपले दात घेऊन जन्माला आलं. म्हणून मामा रविवारी आला. गुडघा कसा आहे ते बघायला आलो, म्हणाला. आई चहा टाकायला आत गेली की बाल्कनीत कात्री चालायची, आई कप घेऊन बाहेर आली की कात्री खिशात. मग चहा पिईपर्यंत बसावं लागायचं. बसलं की काहीतरी बोलावं लागायचं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आईचा गुडघा ठणठणीत झाला, ती जिने चढायला लागली, तरी मामा रविवारी हजर. थंडीत कळ्या दिसायला लागल्या तेव्हा त्याला नर्सरीवाल्याचे शब्द आठवले आणि त्याने कळ्याही खुडल्या.

आईचा मात्र चेहरामोहरा बदलला. ती रविवारी सकाळपासून बाल्कनीतून रस्त्याकडे बघायची. मामाला साखर किती लागते इथपासून तिने नव्याने शिकून घेतलं. मला फोनवर सगळं ऐकवायची: आज छोट्याला आठवलं की लहानपणी आम्ही दोघं पलंगाखाली लपलो होतो, आज छोट्या स्वतःहून म्हणाला, अजून थोडा बसतो. एकदा म्हणाली, ‘ऑपरेशन झालं ते बरंच झालं गं. भाऊ मिळाला.’ मी तिला चिडवलं की आता दुसरा गुडघाही करून घे, आख्खा मामा मिळेल.

हे असं वर्ष-दीड वर्ष सुखाने चाललं. मग मध्ये आल्या शिवणवाल्या काकू.

काकू खालच्या मजल्यावर राहतात, कपडे शिवतात. त्यांच्या आणि आईच्या बाल्कनीत दोरीला बांधलेली एक टोपली वरखाली करत असायची. त्यातून रीळ, लिंबं, चष्मा, गुळगुळीत मासिकं, उसवलेले परकर असा सगळा संसार ये-जा करायचा. त्या टोपलीतूनच आईने फार पूर्वी आजीच्या झाडाची दोन पेरं काकूंना दिली होती. काकूंनी ती तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि त्याचं मोठं झाड झालं. मामाला याचा पत्ताच नव्हता. नाहीतर एक जिना उतरून दोन पेरं मागितली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण विचारायचं कसं, तर त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं.

एका रविवारी, मामा चहा पीत असताना, काकू आपला डबा घेऊन वर आल्या. मायलेकींना शेजारी शेजारी टांगून बघू या, म्हणाल्या. टांगलं. काकूंची नजर शिंप्याची. त्यांनी आईच्या झाडाचं एक पेर हातात घेतलं, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, ‘वहिनी, ही कड वाढलेली नाही. ही कापलेली कड आहे.’

मामाने कप बशीत ठेवला. त्याला गप्प बसता आलं असतं. पण खोटं ओळखलं गेलं की तो पिसाळतो. तो उठला, दोन्ही झाडं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला की आईचं झाड हेच, काकूंचं दुसरीच कुठली जात आहे, बहुतेक मधल्या काळात मूळचं मेलं असेल आणि यांनी गुपचूप दुसरं आणून लावलं असेल. म्हणजे स्वतःचा सगळा कबुलीजबाब त्याने काकूंच्या नावावर लावून टाकला. आईने आधी काकूंकडे बघितलं, मग भावाकडे. आणि म्हणाली, ‘छोट्याची नजर चुकायची नाही हो. त्याचा तो धंदाच आहे.’

काकूंनी डबा काढून घेतला. दारातून एवढंच म्हणाल्या की फुलं येतील तेव्हा बोलू. दुसऱ्या दिवसापासून टोपली बंद झाली. दोरी तशीच लोंबत राहिली. आई आपल्या परकराची शिवण स्वतः घालायला लागली, ढोबळ टाक्यांची, आणि खालून मशीनचा आवाज आला की उगाच भांडी आपटायची. मला खरंच दोघींचाही राग यायचा तेव्हा. एका झाडावरून बोलणं सोडायचं, याला काही मर्यादा?

थंडी आली. काकूंच्या डब्यातल्या झाडाला टोकाटोकाला कळ्या दिसू लागल्या, आईला त्या वरून वाकून दिसत होत्या. आमच्या झाडाला काही नाही. ती रोज उठून माळा उलटसुलट करून बघायची. मी त्या सुमारास चार दिवस राहायला आले होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं. रविवार होता. मामा कात्री खिशात घालून बसला होता, आई कप घेऊन बाहेर आली आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणाली की तू हे झाड घेऊन जा. मामाने विचारलं, का?

‘ऑपरेशनपासून माझ्याकडे फुलतच नाही रे. आईकडे दर वर्षी फुलायचं. काकूंना इतकं बोलले, तेही बहुतेक चुकलंच. माझ्या हातातच काहीतरी खोट असेल. तुझ्याकडे फुलेल, तू जीव लावतोस त्याला.’

त्या दिवशी मामाने चहा अर्धा टाकला. झाड नेलं नाही. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाला. मामी नंतर सांगत होती की रात्री तो जेवला नाही, खोलीत जाऊन काचेच्या पेटीसमोर बसला होता.

पुढच्या रविवारी तो आला आणि त्याने हात पाठीमागे बांधून ठेवले. त्याच्या पुढच्याही. माळांच्या टोकांना कळ्या धरल्या, नव्या पेरांना दात आले. आई हरखून गेली. तिने मला फोन करून बोलावून घेतलं आणि काकूंना निरोप पाठवला की या बघायला, आता ठरेल. काकूंच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या, पण काकू आल्या. मामाही आला. आमचं झाड सगळ्यांच्या आधी, ऐन भरात फुललं होतं. फुलं आडवी होती, रस्त्याकडे तोंड करून. आईने एका फुलाला बोट लावलं. बोट पिवळं झालं.

ती कितीतरी वेळ त्या बोटाकडे बघत होती. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानीन.

‘ताई, ते मी मारलं,’ मामा म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. पाणी, ताटली, हिरवी पट्टी, नर्सरी. सांगता सांगता खिशातून कात्री काढून टीपॉयवर ठेवली. काकूंना हात जोडून म्हणाला, मी माझंच पाप तुमच्यावर ढकललं. काकू म्हणाल्या की दात इतके सारखे कापलेत, बाह्यांना झालर लावायला माणूस हवाच आहे मला. मला हसू आवरेना. आईला नाही आलं.

‘दर रविवारी कात्री घेऊन यायचास?’ तिने विचारलं.

‘दर रविवारी.’

‘मला वाटायचं, माझ्यासाठी येतोस.’

आणि मग माझी आई, जी रागावली तरी आवाज वाढवत नाही, तशाच हळू आवाजात म्हणाली, ‘आईला ती कवळी टोचायची, छोट्या. जेवताना काढून ठेवायची. तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही कोणी सांगितलं नाही.’

मी मामाला तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या तरी डोळ्यांकडे बघताना पाहिलं. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. कात्री टीपॉयवरच राहिली. आई आत गेली आणि एकटीने दोन कप चहा प्यायली, कारण दोन केले होते.

त्या आठवड्यात मामीचा फोन आला की काचेची पेटी आता खोलीत दिसत नाही. कपाटात ठेवली की काय, तिने विचारलं नव्हतं. टोपली मात्र लगेच सुरू झाली. काकूंनी आपल्या झाडाची दोन पेरं वर पाठवली, आईने ती दह्याच्या रिकाम्या डब्यात लावली आणि खेकड्याच्या शेजारी ठेवली. खेकडा टाकून द्यायचा का, मी विचारलं. त्याने काय केलंय, आई म्हणाली.

रविवार उजाडला. आई बाल्कनीत गेली नाही. वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत बसली आणि पान उलटायचं विसरली. मी घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. नेहमीची वेळ टळून गेल्यावर बेल वाजली. मी उठणार तोच आईने हाताने थांबवलं. स्वतः गेली, दार किलकिलं केलं, साखळी काढली नाही.

‘शिडी हवी का?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘मग काय काम आहे?’

मग मामा म्हणाला, ‘काही काम नाही, ताई.’

आईने साखळी काढली.